अवीची चंची

इयनचा फोन त्याआधी मला कधीच आला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या, अवीच्या बँडचा तो म्होरक्या. मूळचा स्कॉटलंडचा, पण अर्धं आयुष्य दोह्यात काढलेला, लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा म्हातारा. त्याचा नंबर माझ्याकडे होता तो केवळ अवीचा फोन लागला नाही तर असावा म्हणून. त्या दिवशी दुपार कलताना मी फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या घरी गणिताचे पेपर तपासत बसले होते आणि फोनवर त्याचं नाव उमटलं. "व्हायजू," तो म्हणाला. अवी मला ज्या नावाने हाक मारायचा तेच 'वैजू', पण परक्या जिभेवर वाकडं झालेलं. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये या. अवीला बरं नाहीये. येताना कुणाला तरी सोबत घेऊन या." शेवटचं वाक्य त्याने इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला सगळं तिथेच कळलं...

आमच्या मराठी मंडळातली दोन कुटुंबं धावत आली. त्यांच्याच गाडीतून मी गेले. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. मग मला एका खोलीबाहेर बसवलं आणि थोड्या वेळाने एक मल्याळी नर्स हातात पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पिशवी घेऊन आली. आत अवीचे कपडे होते. घडी केलेला किल्ट, लांब लोकरी मोजे, बूट आणि सगळ्यात वर, पिशवीच्या प्लॅस्टिकला चिकटलेला, घोड्याच्या पांढऱ्या केसांचा तो लांबलचक झुबका. "मॅडम, ये क्या है, मालूम नहीं," ती फार मायेने म्हणाली, "लेकिन संभाल के रखा है." मंडळातल्या सगळ्यांच्या नजरा त्या पिशवीकडे वळल्या. मी ती नर्सच्या हातून जवळजवळ ओढून घेतली, खुर्चीखाली सरकवली आणि वरून ओढणी सोडली. दाराच्या पलीकडे अवी होता. मी अजून रडलेही नव्हते. आणि त्या घडीलाही मला लाज वाटत होती, त्याच्या कपड्यांची.

ही लाज नेमकी कसली ते सांगायचं तर अवीबद्दलच सांगायला हवं. अवी म्हणजे अविनाश. वायूच्या प्रकल्पांवर पाइपिंग इंजिनिअर. 'दिवसभर पाइप काढतो आणि संध्याकाळी पाइप वाजवतो,' हा त्याचा स्वतःवरचा आवडता विनोद. तो बेळगावचा. त्याचे वडील तिथल्या पलटणीच्या बँडमध्ये मशकबीन वाजवायचे, म्हणजे आपण ज्याला बॅगपाइप म्हणतो ते. लहानपणी वडिलांनी त्याला सरावाच्या छोट्या नळीवर बोटं बसवून दिली होती. पुढे पुण्याला इंजिनिअरिंग, तिथेच माझी ओळख, लग्न, नोकऱ्या, आमच्या ईशाचा जन्म, या सगळ्यात ती नळी कुठल्या ट्रंकेत गेली कोण जाणे. मी नाशिकची, शिक्षकांच्या घरातली. आमच्याकडे संगीत म्हणजे बैठकीवर मांडी घालून ऐकायची गोष्ट. नवऱ्याच्या पोटात असलं काही दडलेलं आहे याची मला कितीतरी वर्षं गंधवार्ताही नव्हती.

ते बाहेर आलं इथे, कतारमध्ये. फुटबॉलचा विश्वचषक इथे होणार हे ठरलं तसं सगळं शहर उकरायला घेतलं होतं. आज गेलेला रस्ता उद्या बंद, वळण कुठे तर नारंगी पिंप सांगतील तिकडे. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेन मोजायचा खेळ ईशा खेळायची आणि दर वेळी हरायची. रोज काही ना काही उघडत होतं. हॉटेल, मॉल, मेट्रोचं स्टेशन. आणि कुठल्याही उद्घाटनाला काहीतरी वाजणारं लागतंच. अशाच एका हॉटेलच्या दारात इयनचा छोटासा बँड वाजवत उभा होता. आम्ही तिथे कुणाच्या तरी निरोप-समारंभाला गेलो होतो. अवी आत आलाच नाही. तासाभराने मी शोधत बाहेर आले, तर हा इयनसमोर उभा राहून काखेत नसलेली पिशवी दाबत, हवेत बोटं नाचवत होता. पन्नाशीला आलेला माणूस. मला वाटलं, चला, कुणी पाहिलं नाही, बरं झालं. लाजेचा श्रीगणेशा तिथूनच.

वर्षाच्या आत तो बँडमध्ये होता आणि आमच्या घरात किल्ट आला होता. चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घेर, त्यावर पट्टा, आणि पुढे, नेमका जिथे पुरुषाने काही लटकवू नये असं मला वाटतं तिथे, साखळीने बांधलेली पिशवी. तिला म्हणतात स्पोरन. आरशासमोर उभं राहून त्याने मला विचारलं, "कसं दिसतंय?" मी म्हटलं, "घागऱ्यावर पर्स." तो मुळीच रागावला नाही. "अगं, ही चंचीच की! किल्टला खिसे नसतात. माझ्या आजोबांच्या कमरेला असायची पान-तंबाखूची, तशीच. खरं यांनी ती मधोमध आणून थाटात बांधली, एवढंच." 'खरं' म्हणजे 'पण', हे बेळगावकरांचं खास. पुण्यात राहून त्याचं सगळं पुणेरी झालं, तेवढं 'खरं' गेलं नाही.

मग त्या चंच्यांचं वेडच लागलं. वेड म्हणजे संख्येने फार नाही, तीनच होत्या, पण मतं शंभर. पहिली तपकिरी चामड्याची, साधी, पुढे तीन गोंडे. मायदेशी परतणाऱ्या एका स्कॉटिश शेजाऱ्याने त्याला दिलेली. ती रोजच्या सरावाची. दुसरी संचलनाची, घोड्याच्या पांढऱ्या केसांची, गुडघ्यापर्यंत लोंबणारी, त्यावर दोन काळे गोंडे. दोह्याच्या धुळीने आणि घामाने ते केस पिवळे पडत, म्हणून तो ते माझ्या शांपूने धुवायचा आणि न्हाणीघरात नळाला टांगायचा. अवेळी पाहुणे आले की माझी पहिली धाव तिकडे, दार लावून घ्यायला. आणि तिसरी त्याची स्वतःची कल्पना. एका सुट्टीत तो कोल्हापूरला गेला आणि चपला करणाऱ्या कारागिरासमोर बसून त्याने कोल्हापुरी कातड्याची स्पोरन करून घेतली. कडेने चपलेला असते तशी वेणी, वर ठोक्यांची नक्षी आणि मधोमध लालचुटूक गोंडा. "पायातली वस्तू कमरेला?" मी म्हटलं. तो म्हणाला, "वैजू, पायात होती तोवर तू तिला नावाजायचीस की."

शुक्रवारी कधी कधी इयन आणि बँडमधला रॉस नावाचा एक तरुण आमच्याकडे यायचे. रॉस बँकेत होता, नुकताच ग्लासगोहून आलेला. चहा, मी केलेले पोहे, आणि मग स्पोरनवरून भांडण. इयनचं म्हणणं, माणसाने आपल्या बापाने बांधली तशीच बांधावी, तपकिरी चामडं, तीन गोंडे, बाकी सगळं दुकानदारी. रॉस सगळ्या जुन्याला कंटाळलेला. त्याला काळी, सपाट, गोंड्यांशिवायची, चुंबकाने बंद होणारी आवडायची, लॅपटॉपच्या बॅगेची धाकटी बहीण म्हणावी अशी. केसाळ फर आणि चांदीची महिरप असलेल्या मेजवानीच्या स्पोरनचा तिघांनाही तिटकारा. "तोंड धुवून, पावडर लावून बसवलेलं मांजर," अवी म्हणायचा. त्याची स्वतःची निष्ठा मात्र त्या पांढऱ्या केसांवर. चालणारा चुकला की ते केस थरथरतात आणि बरोबर चालला की घड्याळाच्या लंबकासारखे झुलतात, असं तो डोळे मोठे करून सांगायचा. "वडील म्हणायचे, बँडवाल्याचं निम्मं वाजवणं पायात असतं." मग कोल्हापुरी स्पोरन निघायची आणि इयन ती हातात फिरवून गंभीरपणे म्हणायचा, "नियमात बसत नाही. पण स्पोरन आहे." हे ऐकलं की अवीचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी पदक दिलं. मी तेव्हा बाल्कनीचे पडदे ओढून घेत असायचे. समोरच्या इमारतीत आमच्या शाळेतले दोन पालक राहायचे.

एका वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला वाजवायला बोलावलं. एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी सुचवलं, झब्बा-सलवारवर वाजव. तो म्हणाला, "अगं, पोशाखाशिवाय मशकबीन म्हणजे साखरेशिवाय करंजी." आणि तो पूर्ण पोशाखात रंगमंचावर आला. किल्ट, मोजे आणि पांढरे केस झुलवत. त्याने एका ओळखीच्या आरतीची चाल धरली. पहिल्यांदा लोक दचकले, मग टाळ्या वाजायला लागल्या. खरोखर सुंदर वाजवत होता. माझ्या मागच्या रांगेत मंडळाचे एक हौशी गृहस्थ बसले होते, विनोदी बोलण्याबद्दल प्रसिद्ध. ते पुढे वाकून, चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, आमच्या अवीने दाढी वाढवली, पण जागा चुकली हो!" हशा पिकला. बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. माझे कान तापले, मान खाली गेली, आणि त्या खाली गेलेल्या मानेनेच मी... हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. वर पाहिलं तर अवी वाजवता वाजवता माझ्याकडेच बघत होता.

परतताना गाडीत मी म्हटलं, "यापुढे आपल्या माणसांत हे नको." मला वाटलं होतं तो वाद घालेल. वाद घालणं हा त्याचा आवडता खेळ होता. तो फक्त म्हणाला, "बरं." सिग्नल सुटला, गाडी पुढे गेली. ईशा मागच्या सीटवर होती, ती तेवढी म्हणाली, "Baba was good, Aai."

त्यानंतर त्याने ते खरोखर पाळलं. घरातून निघताना तो पँट-शर्टमध्ये निघायचा, पोशाख एका सुटकेसमध्ये. बँडचा सराव अल वक्राला समुद्रकाठी चालायचा, कारण शहरातल्या कुठल्याच इमारतीत शेजारी ते वाजवू देत नाहीत. तिथे पोचल्यावर तो गाडीतच कपडे बदलायचा. न्हाणीघरातला नळ मोकळा झाला. शुक्रवारचे पोहेही बंद झाले. तिघं बाहेरच कुठे तरी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा पीत भांडत असावेत. मी विचारत नसे. किती सोयीचं झालं, असंच मला वाटत होतं. पन्नाशी उलटलेला एक माणूस आपल्याच गाडीत, स्टिअरिंगच्या मागे अंग चोरून कपडे बदलतोय, हे चित्र तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कधी आलंच नाही. आता ते जात नाही.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसवली. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी वाजवणं सुटेल. पण त्याने डॉक्टरांनाच गाठलं आणि हळूहळू, बेताने, अशी परवानगी मिळवली. विश्वचषक तोंडावर आला होता, बँडला मागणी वाढली होती. "एवढी स्पर्धा होऊ दे वैजू, मग खलास. मग फक्त तुझ्यासमोर मांडी घालून बसेन." त्या दिवशी अल वक्राला रंगीत तालीम होती. सगळ्यांनी पूर्ण पोशाखात यायचं ठरलं होतं. सुटकेस घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "येतेस? आज वारा चांगला आहे." मी पेपरवरून मान वर न करता म्हटलं, "तिथे कुणी ना कुणी भेटतंच." "बरं," तो म्हणाला.

इथे आपल्या पद्धतीने दहन होत नाही. माणसाला घरी न्यावं लागतं. कागदपत्रांचं सगळं मंडळातल्या लोकांनी आणि अवीच्या ऑफिसने केलं. ज्यांच्या नजरेला मी वर्षानुवर्षं घाबरले तेच लोक रात्रंदिवस माझ्यासाठी धावत होते. ते दिवाळीचे विनोदी गृहस्थही. निघण्याच्या आदल्या दिवशी इयन आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "एक विचारू का? तो त्याच्या पोशाखात गेला तर... आम्ही सगळं नीट करून देऊ. तुम्हाला काही बघावं लागणार नाही." माझ्या डोळ्यांसमोर बेळगावचं घर आलं. अवीचे थोरले भाऊ, चुलते, गल्लीतली माणसं, आणि पेटी उघडल्यावर दिसणारा तो चौकड्यांचा घेर. मी म्हटलं, "नाही. आमच्यात चालत नाही." खरं तर आमच्यात काय चालतं आणि काय नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं! असा प्रसंग आमच्यात कुणावर कधी आला होता? इयनने मान डोलावली आणि गेला. अवी पांढऱ्या झब्ब्यात बेळगावला गेला.

अवीची आई पंच्याऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्यांनी मुलाच्या चेहऱ्यावरून, मग छातीवरून, बाह्यांवरून हात फिरवला. झब्ब्याच्या कापडावर हात थांबला. मला जवळ बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "वैजू, त्येचा पोशाख आणलास न्हवं?" मला आधी समजलंच नाही. "बँडचा गं. फोटो धाडायचा की मला. पांढऱ्या केसांचा. त्येच्या वडलांची शेवटची सलामी पलटणीनं पोशाखात केली. ह्यो साध्या सदऱ्यात चालला?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. विसरलं असेल गडबडीत, असा समजून घेणारा सूर. शेजारी थोरले दीर उभे होते. ते म्हणाले, "व्हय की. आम्हाला वाटलं तिकडं नियम असतील काय तरी." मी म्हटलं, "हो. नियम आहेत." ज्या माणसांच्या लाजेखातर मी तो पोशाख नाकारला, त्यांना कधी लाज वाटलीच नव्हती. त्या घरात लाजणारी मी एकटीच होते, आणि तिथेही मी खोटं बोलले.

दिवस झाले. ईशा आता कॅनडात शिकत होती, ती परत गेली. माझी शाळा होती, म्हणून मीही दोह्याला आले. घर तसंच होतं. पहिल्याच आठवड्यात इयन आणि रॉस आले, येऊ का असं रीतसर विचारून. रॉसच्या हातात कागदाची पिशवी होती. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर इयनने विषय काढला. विश्वचषकाच्या दिवसांसाठी बँडला नवा पोशाख मिळणार होता. बाकी सगळं ठरलं, स्पोरनवर घोडं अडलं होतं. बँडमध्ये दोन तट पडले होते. रॉसने पिशवीतून दोन नमुने काढून टेबलावर ठेवले. एक तपकिरी, तीन गोंड्यांची. दुसरी काळी, सपाट, चुंबकाची. "अवी म्हणाला होता," इयन म्हणाला, "की भांडून उपयोग नाही, वैजूला विचारू."

"मला?" मी म्हटलं.

"त्याच्या सगळ्या तुम्हीच निवडलेल्या ना! त्याने नवीन काही बांधलं की आम्ही त्याची टर उडवायचो. तो म्हणायचा, 'मला बोलू नका, वैजूची निवड आहे, तिची नजर फार चांगली आहे.' मग आम्ही गप्प. ती कोल्हापुरी तर खास तुमची कल्पना, असं तो म्हणाला होता."

मी त्या तीनपैकी एकीलाही कधी हात लावला नव्हता. न्हाणीघराचं दार लावताना त्या केसांकडे बघायचंही टाळायचे. आणि हा माणूस समुद्रकाठी, गाडीत कपडे बदलून, त्या दोघांना सांगत होता की माझ्या बायकोने निवडलंय... कशाला सांगत होता? माझी लाज राखायला? की आपल्या बायकोला आपली लाज वाटते हे सांगायची त्याला लाज वाटत होती? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण इयन इतक्या विश्वासाने बघत होता की अवीला खोटं पाडणं मला जमलं नाही. मी पहिल्यांदाच एक स्पोरन हातात घेतली. चामड्याला नवीन वास होता. गोंडे बोटांतून सुळसुळले. मागे-पुढे करून पाहिलं, आणि काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "यात तुम्ही ठेवता काय?"

"किल्ल्या, फोन, मेट्रोचं कार्ड," रॉस म्हणाला. इयनचा चेहरा बदलला होता. मग तो टेबलाकडे बघत सांगू लागला, थांबत थांबत. "अवी त्याच्या गोळ्या त्यात ठेवायचा. जिभेखाली ठेवायच्या असतात त्या. आम्हा सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी तो खाली बसला आणि कमरेकडे बोट दाखवलं. मला कळलं. पण त्या केसांच्या स्पोरनचा कप्पा मागच्या बाजूला असतो, अंगाकडून, बारीक बटणाचा. मी लहानपणापासून या गोष्टी हाताळतोय, व्हायजू. माझ्या हातात नुसते केस येत होते. मला तो उघडता आला नाही... उघडला तोवर अॅम्ब्युलन्स आली होती." रॉसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर म्हणाले, गोळीने काही फरक पडला नसता," रॉस म्हणाला. "मलाही तेच म्हणाले," मी म्हटलं. इयनने मान हलवली. पण हे त्याला पुरत नव्हतं हे दिसत होतं. एवढा मोठा माणूस माझ्या नजरेला नजर देऊ शकत नव्हता. ती मान कशी खाली जाते, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी दोन्ही स्पोरन पुन्हा हातात घेतल्या. तपकिरीचा पट्टा सोडवायला दोन हात लागले आणि नख दुखलं. काळीची झडप एका बोटाने उघडली. बंद केली, परत उघडली. तिला काही रूप नव्हतं. अवीने तिला नावं ठेवली असती. "ही," मी म्हटलं. इयनने काळीकडे पाहिलं. त्याच्या बापाची पद्धत, त्याचं आयुष्यभराचं मत, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं. मग त्याने तपकिरी नमुना उचलून पिशवीत टाकला. "हीच," तो म्हणाला.

"अवी असता तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसता," मी म्हटलं.

"माझ्याशीही," इयन म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात माझं रडूही सुटलं.

अवीचा पोशाख मी बेळगावला जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर आईंकडे पाठवला. परवा त्यांचा फोन आला. "पोचलं गं सगळं. केस लई गुंतल्यात, विंचरून ठेवलंय. खोबरेल लावू काय?" नको, म्हटलं, चिकट होतील, शांपूने धुवा. कुठला शांपू, तेही सांगितलं. मला ते ठाऊक होतं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आता शुक्रवारी दुपार उतरली की मी मेट्रोने अल वक्राकडे निघते. शेवटच्या स्टेशनवरून पुढे रॉस मला गाडीने नेतो. समुद्रकाठच्या बुटक्या भिंतीवर मी बसते, थर्मासमधला चहा घेऊन. बँड उभा राहतो. इयन मधूनच येऊन विचारतो, पट्टा काळा की तपकिरी, बकल चकचकीत की मळकं, आणि मी काहीतरी सांगते. माझं ऐकतात. उकाडा वाढलाय, लोक तरी फिरायला येतातच, आणि त्यांच्यात आपली माणसं असतातच. गेल्या शुक्रवारी एक मराठी जोडपं थांबलं. नवरा हसत मोबाइलवर चित्रण करू लागला. बाईने माझी टिकली बघितली आणि जवळ येऊन विचारलं, "तुम्ही मराठी ना? इथे एकट्याच?" मी हो म्हटलं. मग ती आवाज खाली करून, हसू दाबत म्हणाली, "अहो, ते पुढे काय बांधलंय त्यांनी?"

माझे कान तापले. अगदी तेव्हासारखेच. वाटलं, थर्मास उचलावा आणि समुद्र बघायला आलेय असं दाखवत पुढे चालू पडावं. "त्याला स्पोरन म्हणतात," मी म्हटलं. "किल्टला खिसे नसतात ना." एवढ्यावर ती जाईल असं वाटलं होतं. पण ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला बरीच माहिती आहे. तुमचं कुणी आहे का यांच्यात?"

रांगेत तिसऱ्या जागी पूर्वी अवी उभा राहायचा. अजून तिथे कुणी उभं राहत नाही, शेजारचे दोघं तेवढं अंतर सोडून चालतात. मी तिकडे बोट दाखवलं. "माझा नवरा," मी म्हटलं, "तिथे असायचा." बाईला काय समजलं कोण जाणे. तिचं हसू मावळलं, तिने नवऱ्याला मोबाइल खाली घ्यायला सांगितलं आणि ती माझ्या शेजारी भिंतीवर टेकली. माझा चेहरा अजून जळत होता. लाज गेली असं मी म्हणणार नाही, दर शुक्रवारी ती माझ्याबरोबर भिंतीवर बसलेली असते. पण वाजवणं संपेपर्यंत मी उठून जात नाही.